क्वायर, ऑर्गन आणि मधेच गेलेली वीज

संवादिनी_महाल

नमस्कार मंडळी,

नाताळाच्या आधीच्या रविवारी नागपूरच्या सदर भागातल्या एका लहानशा चर्चमध्ये क्वायर (चर्चचं गाणारं मंडळ) आणि ऑर्गनचा कार्यक्रम ऐकला. तीन दिवस झाले, कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. मी चाळीस वर्षं पेटी वाजवते. कीर्तनाला, भजनाला, गाणं शिकणाऱ्या मुलांच्या साथीला. पाश्चात्त्य संगीत शिकलेले नाही. तेव्हा पुढे जे आहे ते पेटीवालीच्या कानाने ऐकलेलं आहे. चुकेल तिथे जाणकारांनी सांगावं. शेवटी एक प्रश्नही आहे, त्याचं उत्तर मला खरोखर हवं आहे.

आधी थोडं मागचं. ऑक्टोबरात मुलीकडे जर्मनीत लाइपझिगला होते. तिथल्या सेंट थॉमस चर्चमध्ये थोर जर्मन संगीतकार बाख १७२३ पासून १७५० साली वारेपर्यंत संगीताचा प्रमुख होता. आजही तिथला मुलांचा क्वायर शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला गातो. हा क्वायर १२१२ पासूनचा, म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माच्याही आधीचा. आम्ही शुक्रवारी गेलो. वेदीकडे तोंड करून बसलो आणि मी गाणारे शोधायला लागले. मुलगी म्हणाली, "आई, ते मागे आहेत, वरच्या सज्जात." ऑर्गनही तिथेच. समोर फक्त बाखची समाधी आणि तिच्यावर कोणी ठेवलेली फुलं. आपल्याकडे गवयाचा चेहरा, तंबोऱ्यावरची बोटं बघत गाणं ऐकायचं. इथे बघायला काहीच नाही, फक्त ऐका.

ऑर्गन सुरू झाला. खर्जाचा सूर लागला तो आधी बाकाला टेकलेल्या पाठीला कळला आणि मग कानाला. तिथला मोठा ऑर्गन झाउअर नावाच्या कारागिराने १८८९ साली बांधला. पुढे १९०८ साली त्याचे ८८ स्टॉप झाले. एक स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांची पूर्ण ओळ, दर पट्टीला निदान एक नळी. नळ्यांची गणती तुम्हीच करा. कार्यक्रम झाल्यावर माहिती वाचताना ओळींच्या नावांपुढे १६, ८, ४ असे आकडे दिसले. ते नळीच्या लांबीचे फूट. ८ फुटी ओळ लिहिलेल्या सुरातच वाजते, १६ फुटी एक सप्तक खाली, ४ फुटी एक सप्तक वर. हे वाचलं आणि मी मुलीचा हातच धरला. अगं, हे आपले खर्ज, नर आणि मादी! पेटीत सुरांच्या तीन ओळी असतात त्याच. एक पट्टी दाबली की तिन्ही बोलतात आणि आवाज भरतो. चाळीस वर्षं जे बोटाखाली होतं, ते तिथे घराएवढं होऊन उभं होतं.

आता आपल्या नागपूरचं.

शेजारची मुलगी सदरच्या त्या चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. तिने आग्रहाने नेलं. साधारण पंचवीस गाणारे. नळ्यांचा ऑर्गन नव्हता, इलेक्ट्रॉनिक होता. दोन मजली पट्ट्या, खाली पायांसाठी लाकडी पट्ट्यांची रांग, आवाज स्पीकरमधून. वाजवणाऱ्या दादांनी चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि मोजे घालून पायांनी खर्ज वाजवायला घेतला. मी मुद्दाम बाजूच्या बाकावर बसले होते, पाय दिसावेत म्हणून. टाच, चवडा, टाच, चवडा, एकदाही खाली बघितलं नाही. हातांनी दोन वेगळ्या ओळी आणि पायांनी तिसरी. मी पेटीवर एका हाताने भाता मारते आणि एकाच हाताने वाजवते, त्यामुळे माझी नजर त्या पायांवरून हलेना.

हँडेलचं हालेलुया झालं. सगळे उभे राहिले, मीही राहिले. त्यात एका जागी बास (पुरुषांचा खालचा आवाज) एक ओळ घेतात, मग तीच टेनर (पुरुषांचा वरचा), मग आल्टो, मग सोप्रानो (बायकांचा वरचा), खालून वर. शेजारची मुलगी आपली पाळी येईपर्यंत वहीमागे अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होती. आपण ताल मोजतो तसंच अगदी.

मग एक मराठी गीत सुरू झालं. कडव्याकडव्याचं, संथ, चार आवाजांत बसवलेलं. तिसऱ्या कडव्यात वीज गेली. दिवे गेले, पंखे तसेही बंद होते, आणि ऑर्गन मधल्या सुरावर तुटला. मला वाटलं, आता थांबतील. कोणी थांबलं नाही. अंधारात कडवं पूर्ण झालं आणि दोन कडव्यांच्या मधे पंचवीस जणांनी एकदम घेतलेला श्वास ऐकू आला. ऑर्गन चालू असताना तो ऐकू आला नव्हता. कोणीतरी वेदीवरच्या मेणबत्त्या पेटवल्या. चौथं कडवं त्या उजेडात झालं.

आणि इथे माझा प्रश्न आहे. ऑर्गन गेल्यावर तोच मेळ, म्हणजे चार आवाजांचे एकत्र लागलेले सूर, जास्त गोड लागला. भावनेच्या भरात म्हणत नाही. कडव्याच्या शेवटच्या सुरावर सगळे थांबले, तेव्हा त्यातला गंधार मला ओळखीचा लागला. पेटीवरचा गंधार मी रोज ऐकते, तो हा नव्हता. शेवटच्या कडव्याच्या आधी वीज आली, ऑर्गनवाल्या दादांनी कान देऊन ऐकलं, कसलंसं बटण दोनदा दाबलं आणि अलगद साथीला आले. मेळ पुन्हा भरला, मोठा झाला, पण तो गंधार गेला.

असं का झालं? कोणी सांगेल का?

---

जुनी_नाटकं

ताई, फार सुंदर. माझ्यासारख्या मराठी नाट्यसंगीतवाल्याला ऑर्गन म्हटलं की वेगळंच आठवतं. संगीत नाटकाच्या पिटात ठेवलेला, पायांनी दाबायचा, लाकडी कपाटासारखा ऑर्गन. आमच्या काकांकडे एक होता. त्याचे आवाज किती वेळ मुरत राहायचे! तो आणि चर्चमधला ऑर्गन एकच का?

---

संवादिनी_महाल

एक नाहीत. नाटकातल्या ऑर्गनला नळ्या नसतात, पेटीसारख्याच पितळी जिभा असतात. फरक एवढाच की पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, आणि त्यातल्या बहुतेक ऑर्गनांत पायाने हवा आत ओढली जाते. म्हणून त्याचा सूर पेटीपेक्षा मऊ. चर्चच्या मोठ्या ऑर्गनात सूर देते ती नळीतली हवा. बासरीसारखी, किंवा आपल्या शिट्टीसारखी. काही ओळींत नळीच्या बुडाशी जीभही असते, सनईच्या जवळचा आवाज येतो. पण कुटुंब एकच म्हणा. पॅरिसमध्ये दबैं यांनी हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली घेतलं. चर्चला मोठा ऑर्गन परवडत नसे तिथे हे घेत. मिशनऱ्यांबरोबर ते इकडे आलं, कलकत्त्यात त्याची हातपेटी झाली, आणि ती माझ्या मांडीसमोर येऊन बसली.

---

आल्टो_सदर

काकू!! तुम्ही इथे लिहाल असं वाटलंच नव्हतं. सगळ्या क्वायरला वाचून दाखवलं आज. ऑर्गनवाले दादा तर काही बोललेच नाहीत बराच वेळ.

त्या बटणाचं सांगते. अंधारात आम्ही उतरलो होतो. म्हणजे सूर खाली आला होता, जवळजवळ अर्धी पट्टी. गाताना आम्हाला कळलंच नाही, सगळे मिळून उतरलो ना! दादांनी वीज आल्यावर आवाज एकदम बारीक ठेवून तपासलं, ऑर्गनची पट्टी एक पायरी खाली घेतली आणि मग आत आले. ते न करता आले असते तर शेवटच्या कडव्यात सगळं फाटलं असतं. प्रॅक्टिसला दादा नेहमी सांगतात, साथीदाराने गाणाऱ्याला त्याच्या जागी जाऊन भेटायचं असतं.

श्वासाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. कारण आम्ही तोच सर्वांत जास्त घोटतो. लांब ओळ असली की एका आवाजातल्या सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, शेजारणीचा झाला की मी घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला ओळ तुटलेली कळत नाही. आणि कडव्याच्या सुरुवातीला मात्र सगळ्यांनी एकत्रच घ्यायचा. अंधारात हात दिसत नव्हते, तेव्हा त्या श्वासावरच आम्ही उठलो.

---

षड्ज_पंचम

मी जरा वेगळं बोलून राहिलो, राग मानू नका. असे दोन-तीन कार्यक्रम मीही ऐकले. आवाज मोठा असतो, शिस्त असते, हे मान्य. पण माझा जीव त्यात रमत नाही. सुरावर सूर रचला की मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, कुठे राहते? आंदोलन, म्हणजे सुराचं हलकं झुलणं, कुठे राहतं? सप्तकाचे सारखे बारा तुकडे केले की आपली श्रुती, म्हणजे सुरांमधलं बारीक अंतर, मरते. याच कारणाने आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियम बंद ठेवला होता ना! ताई, तुम्हीच म्हणता पेटीचा गंधार वेगळा. मग मोठा ऑर्गन काय आणि लहान पेटी काय, चूक तीच. फक्त मोठ्याने.

---

ताप_४५

मी भौतिकशास्त्र शिकवतो. संवादिनीताईंच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा षड्ज_पंचम यांच्याच पोस्टमध्ये आहे, म्हणून दोघांना मिळून लिहितो.

हल्लीच्या ऑर्गनात, पेटीत, पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सूक्ष्म मोजमापात एका सप्तकाचे १२०० सेंट धरतात, म्हणजे एक अर्धस्वर १०० सेंट. तिथला शुद्ध गंधार षड्जापासून बरोबर ४०० सेंटवर. पण निसर्गातला गंधार, म्हणजे ज्याची कंपनं षड्जाच्या ५/४ पट असतात, तो ३८६ सेंटवर येतो. १४ सेंटचा फरक. ऐकणाऱ्या कानाला तो कळतो, आणि ताईंच्या कानाला कळलाच.

आता हा ५/४ वाला गंधार कुठे ऐकलाय आपण? तंबोऱ्यात. खर्जाची तार छेडली की जवारीतून (तार टेकते त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागातून) आपोआप जो गंधार उमटतो, तो तारेच्या पाचव्या उपस्वराचा, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या बारीक सुरांपैकी एकाचा. तोच हा.

क्वायर ऑर्गनबरोबर गातो तेव्हा ऑर्गनच्या गंधाराला धरून गावं लागतं. साथ गेली की गाणारे एकमेकांना ऐकून सूर लावतात आणि मेळातला गंधार हळूहळू त्या नैसर्गिक जागी उतरतो, कारण तिथे सुरांचं एकमेकांशी घासणं थांबतं. ताई, तुम्हाला तो ओळखीचा वाटला कारण तुम्ही गाणाऱ्यांच्या मागे आयुष्यभर तंबोरा ऐकला आहे.

आणि आल्टो_सदर म्हणतात तो उतरलेला सूर? त्यात दमलेले आवाज आणि थंडी असेलच, पण एक कारण हेही असतं. दर मेळ शुद्ध जुळवत गेलं की काही चालींत सुरांचा हिशोब मूळ जागी परत येत नाही, थोडं थोडं सरकत जातो. गाणाऱ्यांची ती चूक म्हणू नये.

---

षड्ज_पंचम

सर, हे मी दोनदा वाचलं. तंबोऱ्याचा गंधार त्या क्वायरमध्ये? हे मला ऐकायचं आहे. ऐकल्याशिवाय मानणार नाही, पण ऐकायचं मात्र नक्की आहे.

---

कर्वेनगर_मूळ_नागपूर

कोणी विचारायच्या आत मीच विचारते. आपल्या देशात खरा नळ्यांचा ऑर्गन ऐकायला मिळतो का? आणि नागपूरच्या हवेत तो टिकेल का?

---

ताप_४५

मिळतो. कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये विलिस यांनी बांधलेला आहे, सिमल्याच्या क्राइस्ट चर्चमध्ये आहे, मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहे. जाण्याआधी सध्या वाजतो का ते विचारून जा, ही वाद्यं दुरुस्तीसाठी बराच काळ बंद असू शकतात.

नागपूरच्या हवेचं गणित मी मुद्दाम केलं. नळीचा सूर हवेतल्या ध्वनीच्या वेगावर ठरतो आणि तो वेग तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना सेकंदाला ४४० कंपनांवर जुळवलेली नळी, तिच्यातली हवा ४५ अंश झाली तर साधारण ४५८ वर बोलेल. म्हणजे अर्धस्वराच्या दोन तृतीयांशाएवढी वर. सगळ्याच नळ्या सारख्या चढल्या असत्या तर बिघडलं नसतं. पण जिभेच्या नळ्या एवढ्या हलत नाहीत. त्यामुळे मे महिन्यात एकाच ऑर्गनातले दोन भाऊ वेगळ्या पट्टीत बोलतील. शिवाय उन्हाळ्यात लाकूड आकसून हवा गळणार, पावसाळ्यात फुगून सरकपट्ट्या अडकणार, भात्याच्या चामड्याला उंदीर, लाकडाला वाळवी. जपता येतं, पण त्यासाठी बारा महिने माणूस लागतो.

लांबीचं एक सांगून थांबतो. ८ फुटी उघडी नळी सेकंदाला सुमारे ६५ कंपनं देते, १६ फुटी साधारण ३३, ३२ फुटी १६च्या आसपास. तिथे कान संपतो आणि ताई म्हणतात तशी पाठ सुरू होते.

---

संवादिनी_महाल

सर, तुमचं उत्तर वाचून डोळे भरून आले. खोटं नाही सांगत. चाळीस वर्षं मी गाणाऱ्यांना साथ केली आणि त्यातले चांगले गाणारे गंधारावर माझ्या पट्टीपासून जरा खाली उभे राहायचे. मी त्या जागी पट्टी हलकी करायची, नाहीतर सोडूनच द्यायची. गुरुजींनी तसं शिकवलं होतं. त्याचं कारण आज आकड्यात कळलं.

षड्ज_पंचम, तुमचं म्हणणं मला पटतं, अर्धं. मींड शोधायला गेलात तर तिथे मिळणार नाही. मीही आधी वरची चाल पकडून ऐकत होते आणि बाकीचं सगळं मला मागची गर्दी वाटत होती. लाइपझिगला गाणारे दिसत नव्हते म्हणून असेल, एका क्षणी मी चाल सोडली आणि फक्त टेनरचा एक आवाज धरला. तो एकाच सुरावर बराच वेळ उभा होता आणि त्याच्याखाली-वर बाकीचे हलले की त्याच सुराचा अर्थ बदलत होता. आधी तो पंचम वाटला, मग गंधार वाटला, आणि हा मुलगा हललेलाच नव्हता. आपल्या गाण्यात षड्ज बदलत नाही आणि सूर प्रवास करतो. इथे सूर उभा राहतो आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. एकदा तसं ऐकून बघा.

१७८९ साली मोझार्ट त्याच चर्चमध्ये बाखचं एक दोन क्वायरांचं गीत ऐकून थक्क झाला होता, असं मुलीने सांगितलं. लगेच त्याने त्याचे कागद मागून घेतले. एका क्वायरची ओळ ऐकून दुसरा क्वायर उत्तर देतो, ते ऐकताना मला आपल्या भजनी मंडळाच्या दोन रांगा आठवल्या.

---

भजनीकर्ता_इतवारी

मराठी ख्रिस्ती गाण्यांबद्दल एक सांगावंसं वाटतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा आपल्या नागपूरशी संबंध होता. १८९० नंतरच्या वर्षांत ते इथे आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत भजनं लिहिली, टाळ-मृदंगावर म्हणायची. म्हणजे मराठी मंडळ्यांत दोन्ही वाटा आहेत, चार आवाजांचीही आणि टाळांचीही. माझे शेजारी नाताळात दोन्ही गातात. आणि १९७० साली २९ नोव्हेंबरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एकत्रित चर्चची, स्थापना झाली तीही नागपुरातच. हे आपल्या गावाला फारसं माहीत नसतं म्हणून लिहिलं.

---

टेनर_होईन_का

आल्टो_सदर ताई, तुमच्याकडे पुरुष आवाज कमी आहेत असं ऐकलं. मी मानेवाड्याला राहतो, गणपतीत आरत्या म्हणतो, कॉलेजात समूहगीत गायलो. ख्रिस्ती नाही आणि त्या पाच रेघांवरच्या काड्यांचं नोटेशन वाचता येत नाही. चालेल का?

---

आल्टो_सदर

टेनर तीनच आहेत, पटकन या! आमच्यातही निम्म्यांना काड्यांचं नोटेशन येत नाही. आम्ही टॉनिक सोल्फावर गातो. इंग्लंडमध्ये १९व्या शतकात जॉन कर्वेन यांनी रूढ केलेली पद्धत, भारतातले कितीतरी क्वायर अजून तीच वापरतात. डो-रे-मी-फा अक्षरांत लिहिलेलं असतं आणि डो कुठल्याही पट्टीत धरता येतो. म्हणजे तुमचा सा! सारेगम येत असेल तर दोन प्रॅक्टिसमध्ये वाचायला लागाल.

गाण्याचे शब्द उपासनेचे आहेत, ते मनापासून म्हणता येत असतील तर या, एवढंच. काकू आणि षड्ज_पंचम, तुम्हीही या. शनिवारी साडेसहा.

---

षड्ज_पंचम

शनिवारी जाऊन आलो. म्हणून लिहून राहिलो.

मी तंबोरा घेऊन गेलो होतो. ऑटोत गवसणीसकट मांडीवर आडवा धरून. संवादिनीताई आधीच येऊन बसल्या होत्या. क्वायरच्या दादांना सगळं सांगितलं, ते म्हणाले, बघू या. ऑर्गन बंदच ठेवला. काळी एकवर तंबोरा जुळवला, पाच मिनिटं नुसताच वाजवला, सगळे शांत उभे. मग दादांनी बासला षड्ज दिला, टेनरला पंचम, सोप्रानोला वरचा षड्ज, आणि तो मुलगा, मानेवाड्याचा, टेनरमध्ये पहिल्याच दिवशी उभा होता. आल्टोला गंधार.

पहिल्या वेळी तो पेटीचा लागला. मी काही बोललो नाही. दादांनी हाताने फक्त खूण केली, तंबोरा ऐका. दुसऱ्या वेळी आल्टो किंचित खाली आल्या, आणि माझ्या हातातल्या भोपळ्यात तो गंधार बोलायला लागला. तारेतून निघत होता की त्यांच्या गळ्यातून, मला वेगळं करता येईना. संवादिनीताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मींडेबद्दल माझं मत होतं तेच आहे. पण तो गंधार मी ऐकला.

पुढच्या शनिवारी ते मराठी गीत तंबोऱ्यावर बसवायचं ठरलं आहे. तंबोरा तिथेच ठेवून आलो. दादांनी वेदीच्या डाव्या बाजूच्या खोलीत, उन्हाच्या भिंतीपासून लांब, जागा करून दिली.